नदीकाठची सोबत

आम्ही निघालो होतो सायकल आणायला. घरात, शेजारीपाजारी सगळ्यांना तसंच सांगितलं होतं, की सासरे आणि मी नदीच्या मुखापाशी जाऊन माझ्या नवऱ्याची सायकल सोडवून आणतोय. वर्षभर ती तिथल्या पोलीस चौकीच्या मागे पडून होती. तपास बंद झाला तेव्हा चौकीतून फोन आला, "घेऊन जा, उगीच गंजतेय." गाडीने गेलो असतो तर संध्याकाळी घरी परत असतो. पण बाबा म्हणाले, "तो जसा गेला तसंच जाऊ. उगमापासून." मी हो म्हटलं.

माझा नवरा तुम्ही पाहिलेला नाही, म्हणून आधी त्याचं सांगते. आमचं चष्म्याचं दुकान. तो डोळे तपासायचा, मी आत बसून काचा घासून फ्रेमला बसवायची. त्याच्या खिशात कायम एक चिमुकला स्क्रूड्रायव्हर असायचा. लग्नात, दवाखान्यात, कुठेही अनोळखी माणसाच्या नाकावरून चष्मा घसरताना दिसला की याचा जीव कासावीस व्हायचा. "एक मिनिट हं," म्हणून सरळ त्याच्या नाकावरचा चष्मा काढून घ्यायचा, स्क्रू आवळायचा, रुमालाने पुसून परत नाकावर ठेवायचा. लोक आधी दचकायचे आणि मग हसायचे. गल्लीतली पोरं त्याला 'भिंग' म्हणायची.

आमचं एक जुनं वेड होतं. नदी जिथे उगवते तिथून समुद्रापर्यंत एक सायकलचा रस्ता जातो. दगडांवर निळे बाण रंगवलेत, ते बघत जायचं. लग्न झाल्यापासून आम्ही म्हणत होतो, जाऊ, जाऊ. शेवटी सगळं जमलं, सायकली घेतल्या, आणि निघायच्या आठवड्यात मी दुकानात स्टुलावरून पडले. घोटा मोडला. तो बेत रद्द करायला निघाला होता. मीच म्हटलं, "तू जाऊन ये. रोज फोन कर, सगळं दाखव. मी बरोबर आहे असंच समज."

तो गेला आणि आलाच नाही. मुखापाशी फेरीबोटीवर त्याची सायकल मिळाली. तो मिळाला नाही.

तर बाबा आणि मी. बाबांनी उभा जन्म बस चालवली, त्यामुळे सायकलही ते बससारखीच चालवायचे. वळणाच्या बरंच आधी वेग कमी, वळणावर घंटी, आणि कुठे चार माणसं उभी दिसली की पाय आपोआप टेकायचे. मी म्हटलं, "बाबा, तिकिटं पण फाडा आता." ते हसले. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच हसले असतील. गालावरचे केस पांढरे, हात अजून दणकट. आम्ही दोघं एकाच घरात वर्षभर एकमेकांना सांभाळत होतो, म्हणजे रडायचं तर आपापल्या खोलीत.

उगमापाशी डोंगराच्या कुशीत एक लहानसं कुंड आहे. पाणी इतकं संथ, की आधी काच ठेवली आहे असंच वाटतं. तिथल्या राखणदाराला आम्ही फोटो दाखवला. त्याने लगेच ओळखलं. स्वतःचा चष्मा काढून दाखवत म्हणाला, "हे त्यांनीच आवळून दिलं. अजून हललेलं नाही बघा."

"एकटाच होता ना?" बाबांनी विचारलं.

"एकटेच. पण बाईंशी बोलत होते ना फोनवर. इथेच गुडघ्यावर बसून फोन असा पाण्यावर धरला होता. 'बघ, इथून सुरू होते,' म्हणत होते."

ते मला आठवत होतं. प्लॅस्टर घातलेला पाय उशीवर ठेवून मी खाटेवर पडले होते आणि फोनच्या पडद्यावर नुसतं काळं पाणी दिसत होतं. मी म्हटलं होतं, "मला काहीच दिसत नाही रे." तो म्हणाला होता, "पण मला तू दिसतेयस. पाण्यात. किती छान दिसतेयस."

मी कुंडात वाकून बघणार होते. बाबांनी हाताला धरून मला मागे घेतलं. "घसरशील," म्हणाले. तिथली जमीन कोरडी ठणठणीत होती.

पहिले दोन मुक्काम बरे गेले. थंडी नुकती सुरू झाली होती. उतारावर चाकं आपोआप धावायची आणि उजव्या हाताला नदी झुडपांतून दिसायची, लपायची. सकाळी ओढ्याएवढी असलेली नदी संध्याकाळी पूल लागण्याइतकी रुंद व्हायची. जागोजाग त्याला ओळखणारी माणसं भेटली. कुणाचा चष्मा, कुणाचं घड्याळ, एका म्हाताऱ्याचं श्रवणयंत्रसुद्धा त्याने उघडून नीट करून दिलं होतं. बाबा प्रत्येकाचं बोलणं मान खाली घालून ऐकायचे, आणि पुढे काही अंतर गेलं की म्हणायचे, "कारटं लहानपणी रेडिओ उघडून बसायचं. एकही परत जोडला नाही." असं म्हणताना त्यांचा आवाज ओला व्हायचा.

मग तो बंधारा लागला.

बंधाऱ्याचे दरवाजे उघडणारा-मिटणारा माणूस तिथेच खोलीत राहत होता. सूर्य मावळायला आला होता. पाण्याचा घुमणारा आवाज होता आणि ओल्या लोखंडाचा वास. त्याने फोटो बघितला, मग माझ्याकडे पाहिलं, मग परत फोटोकडे. अंधूक उजेड होता, माझ्या डोक्याला-तोंडाला रुमाल बांधलेला होता.

"हो, आले होते. बाई होत्या बरोबर."

बाबा म्हणाले, "दुसरा कुणी असेल. आमचा मुलगा एकटा होता."

"चष्मेवालेच ना? मला वाचायचा चष्मा नीट करून दिला. बाई आधी पलीकडच्या काठाने येत होत्या. हे इकडून सायकलवर, त्या तिकडून चालत... पण बरोबरीने. मला नवल वाटलं, कारण पलीकडे वाट नाही, नुसता चिखल आणि लव्हाळं. मग त्या बंधाऱ्यावरून चालत अलीकडे आल्या. हे सायकल टाकून बघतच राहिले. मला वाटलं बऱ्याच दिवसांनी भेटत असतील..." तो थांबला. आमचे चेहरे त्याला दिसले असावेत. "माफ करा. मला काय माहीत."

त्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरी बाबा आणि मी जेवलो नाही. मी वर्षभर नवऱ्यासाठी रडले होते. आता मला कळेना, कुणासाठी रडायचं. फोनवरचं एकेक बोलणं मी उलटंपालटं करून बघू लागले. बंधाऱ्याच्या मुक्कामावरून त्याने फोन केला होता तो अगदी थोडा वेळ. आवाज कसा तरी, दम लागल्यासारखा. "आज फार बोलता येत नाही," म्हणाला होता, "बरोबर... बरोबर लोक आहेत."

बाबा दाराशी येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

"पोरी," म्हणाले, "तो तसा नाही. मी त्याचा बाप आहे."

"मी त्याची बायको आहे, बाबा."

"मग? तुला तो तसा वाटतो?"

मी पांघरूण अंगावर ओढून घेतलं. ते दाराच्या चौकटीला टेकले. मग म्हणाले, "तसा असेल ना, तर सायकल चौकीतच राहू दे. मला त्याची काही वस्तू नको." आणि म्हातारा माणूस तोंडावर हात घेऊन मुसमुसायला लागला. शेवटी मीच उठून त्यांना खुर्चीवर बसवलं.

परत फिरायचं दोघांच्याही मनात होतं. पण सकाळी दोघंही मुकाट्याने सायकलवर बसलो, नदी जात होती त्याच दिशेने. माणसाला आपलं दुखणं पुरतं बघायचंच असतं.

पुढे सगळीकडे तेच. गार वाऱ्यामुळे माझा रुमाल नाकातोंडावरून बांधलेलाच असायचा, त्यामुळे माझ्याकडे कुणी नीट बघितलं नाही. "चष्मेवाले? हो, जोडपं होतं." कुणी काही वाईट बोललं नाही, हेच वाईट. त्या बाई गोड होत्या म्हणे. सुरुवातीला नुसत्या बघायच्या, बोलायच्या नाहीत. मग एकेक शब्द बोलायला लागल्या, तोही त्याने बोललेलाच परत. पुढे पुढे चांगलं बोलायच्या, हसायच्या. एका चहावाल्याने सांगितलं, त्या हसल्या की हे गृहस्थ त्यांच्याकडे असे बघत राहायचे, की कपातला चहा गार व्हायचा. जेवताना पान पुढ्यात घेऊन बसायच्या, खायच्या नाहीत. आणि ज्या ज्या घरात ते उतरले तिथल्या बायका एक गोष्ट जरा संकोचाने सांगायच्या. गादी. सकाळी एका बाजूची गादी निथळत असायची. उन्हात टाकली तरी दिवस दिवस वाळायची नाही, आणि शेवाळाचा वास यायचा.

बाबांनी ते ऐकलं आणि राग गेला त्यांचा, पण त्याच्या जागी आलं ते मला आवडलं नाही. ते रस्त्यावर माझ्या आणि पाण्याच्या मधून सायकल चालवायला लागले. मी पुढे गेले तर घंटी वाजवून मला थांबवायचे. "तू आतल्या अंगाने चल." काही विचारलं तर म्हणायचे, "बसवाल्याला सवय असते, काठाची बाजू आपण घ्यायची."

मला एक फोन आठवत होता. मधल्या कुठल्याशा मुक्कामावरचा. तो आनंदात होता, अगदी लग्नाच्या पहिल्या वर्षात असायचा तसा. म्हणाला, "आज चढावर तू किती हसलीस! शेवटी उतरून ढकलावी लागली सायकल." मग म्हणाला, "म्हणजे... असतीस तर हसली असतीस." तेव्हा मला त्या बोलण्याचं केवढं कौतुक वाटलं होतं. शेजारणीला सांगितलं होतं मी.

शेवटच्या मुक्कामाचं घर नदीला अगदी लागून आहे. तिथे नदी इतकी रुंद होते, की पलीकडचा काठ नुसती एक रेघ. वाऱ्याला खारट वास येतो. घरमालकीण ठेंगणी, बडबडी, दारातच कणकेच्या हातांनी उभी होती. मी सायकल भिंतीला लावली, डोक्याचा रुमाल सोडला, आणि ती दोन्ही हात पसरून पुढे आली.

"अगंबाई! आलात का परत! मी म्हणतच होते, या दोघांना आमचं घर आवडलंय, परत येणार. आणि साहेब कुठायत? हे कोण, वडील का?"

बाबांच्या हातातून पिशवी पडली.

मी म्हटलं, "तुमचा काहीतरी गोंधळ होतोय. मी इथे पहिल्यांदाच येतेय."

"चेष्टा करता का? खिडकीजवळची खोली दिली होती की तुम्हाला. फोटो आहे माझ्याकडे. येणाऱ्या प्रत्येकाचा काढते मी." ती हात पुसत आत गेली. जिन्याखालच्या भिंतीवर कितीतरी फोटो टाचणीने लावलेले होते. त्यातला एक काढून तिने माझ्या हातात ठेवला.

अंगणातलं बाक. माझा नवरा बसलेला, थोडा वाळलेला, दाढी वाढलेली. त्याच्या शेजारी मी.

माझ्यासारखी नव्हे. मी. तोच निळा स्वेटर, जो कुंडावरून त्याचा फोन आला त्या दिवशी घरी खाटेवर माझ्या अंगात होता. केस ओले, नुकतं न्हाल्यासारखे. माझी डावी भुवई लहानपणी फुटली होती, तिथे केस उगवत नाहीत, तो पांढरा व्रणसुद्धा होता. मला आधी भीती वाटलीच नाही. ओळखीचा चेहरा होता, रोज सकाळी बघते तो. उलट माझे फोटो मला कधी आवडत नाहीत, त्यात मी कुणी वेगळीच वाटते, आणि हा एवढा माझ्यासारखा...

मग माझ्या लक्षात आलं. रोज बघते ते आरशात.

फोटोतल्या बाईचा व्रण दुसऱ्या भुवईवर होता.

मी जिन्याच्या पायरीवर बसले. बाबांनी फोटो घेतला, डोळ्यांजवळ नेला. मग हळूच, आवाज न करता तो पालथा घालून ठेवला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बाई," त्यांनी घरमालकिणीला विचारलं, "आमचा मुलगा... शेवटी कसा होता?"

तिची बडबड थांबली होती. ती माझ्या भुवईकडे बघत होती, आणि एक पाऊल मागे सरकली होती. "दुपारपर्यंत चांगले होते," ती म्हणाली. "संध्याकाळी इथेच बसून त्यांनी कुणाला तरी फोन केला. बाई समोर बसल्या होत्या. फोन ठेवला आणि... मी कणीक मळत होते, मला दिसत होतं. ते समोर बघत होते त्या बाईंकडे. रडत होते. आणि बाई त्यांचं बघून रडायला लागल्या. ते जसे रडत होते अगदी तशाच."

तो फोन मला केला होता. शेवटचा.

त्याने विचारलं होतं, "तू आत्ता कुठे आहेस?" मी म्हटलं, "कुठे असणार? घरी. खिडकीपाशी." "पाय?" "प्लॅस्टरमध्ये आहे की. तुला काय झालंय?" मग इतका वेळ काहीच आवाज आला नाही, की मला वाटलं फोन तुटला. पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवल्यासारखं ऐकू आलं. मग तो अगदी हळू, ओठांतल्या ओठांत म्हणाला, "दार लावून घे. मी... शेवटपर्यंत जाऊन येतो." मी म्हटलं होतं, "ये लवकर." त्यावर तो म्हणाला, "तू खरंच आहेस ना गं तिथे?" मी हसले होते. "नाही, भूत आहे," म्हटलं होतं.

त्या घरात आम्ही दोघांनी एकाच खोलीत दिवा लावून, बसून रात्र काढली. बाबा दाराशी खुर्ची टाकून बसले होते. पाणी भिंतीवर हलकेच आपटत होतं. झोप कुणालाच आली नाही. पण मी तुम्हाला खरं सांगते, त्या खोलीत भीतीपेक्षा मला दुसरंच काहीतरी वाटत होतं. तो दुसऱ्या कुणाबरोबर नव्हता. माझ्याबरोबर होता. मी नसताना माझ्याबरोबर होता, आणि त्या शेवटच्या फोनपर्यंत त्याला ते कळलं नव्हतं. किंवा कळलं होतं, आणि त्याने स्वतःला कळू दिलं नव्हतं.

सकाळी आम्ही फेरीबोटीच्या धक्क्याकडे निघालो. वारा पडला होता. रस्ता बांधाच्या कडेने जातो, आणि खाली पाणी असं निपचित, की आकाश, दिव्यांचे खांब, बाबांची टोपी, सगळं त्यात उलटं उतरलं होतं. बाबा काठाच्या बाजूने, मी आतून. मी सहज पाण्याकडे पाहिलं. पाण्यात बाबा सायकल चालवत होते. त्यांच्या पलीकडे माझी सायकल चालली होती. तिची पायडलं फिरत होती. तिच्यावर कुणी नव्हतं.

"बाबा..."

"बघू नकोस," ते म्हणाले. मान सरळ, डोळे रस्त्यावर. "मी उगमापासून बघतोय. तू समोर बघून चालव, पोरी. समोर बघ."

फेरीबोट चालवणारा माणूस काटक होता, तोंडात काडी धरलेला. आम्ही सायकली धक्क्यावर आणल्या तेव्हा तो दोर सोडत होता. मला बघून त्याच्या तोंडातली काडी पडली. बाबा त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "घाबरू नका. ही माझी सून आहे, नीट बघा, भुवई बघा. तुम्ही पाहिली ती ही नाही. मी त्या मुलाचा बाप. काय झालं ते मला सांगा. पोलिसांना नाही सांगणार मी."

त्याने माझी भुवई निरखून बघितली. मग दोर तसाच हातात धरून बोलला.

"बोटीत दोघंच होते. शेवटची फेरी. धुकं उतरलं होतं. ते दोघं पुढच्या कठड्याला उभे होते, बोलणं मला ऐकू येत होतं. बाई म्हणत होत्या, 'संपली ना नदी? आता घरी जाऊ या.' ते म्हणाले, 'घरी नाही. घरी ती आहे.' बाई म्हणाल्या, 'मग मी कोण?'..." त्याने हातातला दोर खुंट्याला गुंडाळला. "त्यावर गळ्यातला मफलर काढून त्यांनी बाईंच्या गळ्यात नीट गुंडाळला. म्हणाले, 'किती भिजली आहेस. चल. मी येतो ना बरोबर.' मी म्हटलं नवरा-बायकोचं काहीतरी... मी सुकाणूकडे वळलो. परत बघितलं तर कठड्याला सायकल टेकवलेली. माणूस पाण्यात पडला तर आवाज होतो हो. काही आवाज झाला नाही."

बाबांनी डोळे मिटले. मी धक्क्याच्या कठड्याला धरून उभी होते. माझ्या घरापासून तिला लांब ठेवायचं म्हणून तो गेला. पण तिला एकटीलाही सोडलं नाही त्याने. त्याला ते जमलं नसतंच. तिला माझा चेहरा होता.

"पोलिसांना बाईंबद्दल का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

तो माणूस मान खाली घालून म्हणाला, "सांगणार होतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या या इथेच उभ्या होत्या. एकट्याच. पायांखाली पाण्याचं थारोळं. मला विचारलं, ते पुढे गेले का? मी काय बोलणार? मग रडायला लागल्या. इतक्या रडल्या, की मला बघवेना. मग म्हणाल्या... घरी जायचा रस्ता कुठला?"

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, जशा आलात तशाच. काठाकाठाने."

आम्ही चौकीतून सायकल घेतली, आमच्या सायकलींबरोबर भाड्याच्या गाडीत टाकली आणि त्याच दिवशी घरी आलो. दारांना नवीन कड्या बसवल्या. पिंपात, हौदात, बादलीत पाणी उघडं ठेवत नाही आम्ही. दुकान मी चालवते. बाबा आता थकलेत, दुपारनंतर त्यांना फारसं दिसत नाही. मोतीबिंदू पिकलाय, पण ऑपरेशन नको म्हणतात. "मला जेवढं बघायचं होतं तेवढं बघून झालं," म्हणतात. मी संध्याकाळी दुकान बंद करून येते, स्वयंपाकाला लागते, ते त्यांच्या खोलीत खुर्चीवर बसलेले असतात.

मागच्या महिन्यात मी अशीच ओट्यापाशी उभी होते. कुकरची शिट्टी व्हायची होती. बाबांच्या खोलीतून बोलणं ऐकू आलं. मला वाटलं रेडिओ. मग त्यांचा आवाज ओळखला. मला समजावतानाचा त्यांचा आवाज, अगदी हळू, दर वाक्याला थांबत.

"उगी... उगी, पोरी. रडू नकोस अशी. येईल तो. कुठे जाईल तुला सोडून..."

आणि त्यांच्या बोलण्याच्या मध्ये कुणीतरी हुंदके देत होतं. मी स्वतःचं रडणं वर्षभर ऐकलंय. ओळखते मी ते.

मी हलले नाही. हलावंसं वाटलंही नाही. तुम्ही म्हणाल जाऊन दार का नाही ढकललं. माहीत नाही. इतकं दुःख मला आतून ठाऊक होतं, की त्यावर दार ढकलायला हात उचलेना. तिच्यासाठी वाईट वाटत होतं का माझ्यासाठी, तेही कळेना. कुकरची शिट्टी झाली आणि पलीकडचा आवाज थांबला.

मग मी ताट वाढून आत गेले. बाबा खुर्चीत एकटेच होते, चेहरा शांत. पावलांचा आवाज ऐकून त्यांनी माझ्या दिशेला हसून पाहिलं.

"आता बरं वाटतंय ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. ताट त्यांच्या हातात दिलं, आणि दिवा लावला. बाबांच्या शर्टाचा एक खांदा भिजून चिंब झाला होता. पाणी बाहीवरून ओघळून हळूहळू फरशीवर ठिबकत होतं.